माल्कीचे तीन रविवार

किलतूरा गावाच्या वर, डोंगराच्या काखेत, एकटंच एक घर होतं. त्या घरात राहायचा थॅडी टूही, म्हणजे माझा बाप. त्याची बायको सॅबिना, म्हणजे आई. थोरला मुलगा माल्की, धाकटा फेस्टी, आणि मधली मी, ऑनी. पाच माणसं, एक गाय, चार मेंढ्या आणि पाच एकर जमीन. जमीन म्हणायची आपली. दगड वेचून बांध घातले, तर बांधच शेतापेक्षा रुंद झाले. बाप म्हणायचा, "देवानं दगड पेरले, आपण बटाटे पेरतो. बघू, कुणाचं पीक जास्त येतं." दरवर्षी देवाचंच जास्त यायचं.

मोठ्या लढाईचं पहिलं वर्ष सरत होतं. वसंतातल्या एका सोमवारी बाप माल्कीला म्हणाला, "वासरू गॉर्टच्या बाजारात ने. येताना मीठ आण." एवढंच काम. पण आदल्या दिवशी जेवताना दोघांचं वाजलं होतं.

"दोन मुलांना पाच एकर पुरत नाहीत," बाप म्हणाला होता. "एकानं बाहेर पडायचं. फेस्टी आठ वर्षांचा आहे. मग राहिलं कोण?"

"ऑनी," माल्की म्हणाला. "तिला पाठवा. ती माझ्यापेक्षा जोरात भांडते."

आम्ही सगळे हसलो. बाप हसला नाही.

संध्याकाळी माल्की परत आला. मीठ आणलं होतं, वासरू विकलं होतं, आणि स्वतःलाही विकून आला होता. बाजारात बँड वाजत होता म्हणे, इंग्रजी फौजेचा सार्जंट येईल त्याला बिअर पाजत होता, आणि याने कागदावर फुली मारली होती.

"कुणाशी लढणार तू?" आईनं विचारलं.

"ते अजून सांगितलेलं नाही."

"आणि कुणासाठी?"

"बुटांसाठी, आई. तू बूट बघ त्यांचे! आपल्या फादरलासुद्धा नाहीत तसले."

आईनं त्याच्या थोबाडीत मारली, आणि मग त्याच हातानं त्याला बटाटे वाढले.

त्याचा रविवारचा सूट आईच्या हातचा होता. आमच्याच मेंढ्यांची लोकर, तिनंच कातलेली, तिनंच रंगवलेली. राखाडीवर निळी झाक. जाताना त्यानं तो घडी करून तिच्या हातात दिला. "परत आलो की लागेल. उंदरांना घालू नकोस." तिनं तो पेटीत ठेवला, वर दलदलीतल्या वासाच्या झुडपाची पानं पसरली, खाली त्याचे दोनदा तळ बदललेले जुने बूट. माल्की एकोणीस वर्षांचा होता. मी सोळाची. उंचीला आम्ही दोघं सारखे; मागून पाहिलं तर आईसुद्धा फसायची.

त्याचं एकच पत्र आलं, नाताळाच्या आधी. कुणा शिकलेल्या सोबत्याकडून लिहून घेतलेलं. आमच्या घरात अक्षर कुणाला लागत नव्हतं, म्हणून मास्तर कॉयनकडे नेलं. मास्तरला त्या देशाचं नाव उच्चारता येईना. कुठलेतरी डोंगर, आपल्यासारखेच, पण बर्फाचे. मास्तरनं वाचलं आणि आईनं ऐकल्याबरोबर पाठ केलं. मग रोज रात्री आमच्याकडून म्हणून घ्यायची. 'इथं थंडी फार आहे. कोट पावसात भिजला आणि रात्रीत गोठला. काढून ठेवला तर माणसासारखा उभाच राहतो. सकाळी आम्ही त्याला सलाम ठोकतो. आई, तुझ्या हातचा कोट आणायला हवा होता.'

त्यानंतर काही नाही.

हिवाळा गेला. ईस्टरला डब्लिनमध्ये आपल्या पोरांनी इंग्रजांविरुद्ध बंदुका उचलल्या, आणि मग मे महिन्यात एकेकाला तुरुंगाच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्याच्या बातम्या येऊ लागल्या. गावाचा चेहरा एका महिन्यात बदलला. ज्या लोकांनी माल्कीला स्टेशनवर पोचवताना बाजा वाजवला होता, तेच लोक आता आईला विहिरीवर बघून बादली अर्धीच भरून निघून जायचे. पोरगा तोच होता. त्याच्या अंगातल्या कोटाचा रंग लोकांना उशिरा दिसला.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कागद आला.

मास्तरनं तो दोनदा मनात वाचला. मग म्हणाला, "सॅबिना, खाली बस."

"उभ्यानंच ऐकते. सांग."

"डिसेंबरच्या सात तारखेला."

सहा महिने! सहा महिने तो मेलेला होता, आणि आम्ही रोज गुडघ्यावर बसून 'त्याला सुखरूप ठेव' म्हणत होतो. आई रडली नाही. कागदावर प्रेताबद्दल काही लिहिलंय का एवढंच तिनं विचारलं. नव्हतं लिहिलेलं. प्रेत नाही म्हणजे त्याच्या उशाशी रात्रजागर नाही, आलेल्यांना तंबाखूचे मातीचे पाइप वाटणं नाही, रडणाऱ्या बायका नाहीत. घरी येऊन तिनं पेटी उघडली.

आता हे ऐका नीट. आमच्याकडे माणूस मेला की त्याचा रविवारचा पोशाख त्याच्या अंगाचा, त्याच्या उंचीचा कुणी पुरुष लागोपाठ तीन रविवार मिस्सेला, म्हणजे चर्चातल्या प्रार्थनेला, घालून जातो. बाई गेली असेल तर बाई. निघताना घरातली मोठी बाई त्याच्यावर पवित्र पाणी शिंपडते. तीन रविवार झाले की तो पोशाख मेलेल्याला तिकडे मिळतो, आणि इकडे घालणाऱ्याचा होतो. मध्ये एक रविवार चुकला तर पुन्हा सुरुवात नाही. मग तो माणूस तिकडे कायमचा उघडा. आणि आमचा माल्की तर गोठून मेला होता. त्याला गोळी लागली असं कागदात असेलही, पण आईच्या डोक्यात तो गोठूनच मेला होता.

बाप बुटका आणि रुंद. सूट त्याच्या दंडातच अडकला. फेस्टी पोर. उरला कोलमन हेनन, माल्कीचा लहानपणापासूनचा दोस्त. एकाच मापाचे दोघे. आई त्याच्या दारात गेली. तो लगेच आला, सूट अंगात घातला, बाह्या ओढल्या आणि म्हणाला, "सॅबिना, या काखेत नेहमी घट्ट व्हायचं त्याला. मला सांगायचा." तेव्हा आई पहिल्यांदा रडली.

पहिला रविवार नीट गेला. दुसऱ्या रविवारी चर्चच्या फाटकाशी पोरं उभी होती. "काय रे कोलमन, इंग्रजांच्या राजाची नोकरी धरलीस का? मेलेला शिपाई पाठीवर घेऊन फिरतोयस, त्याचा पगार कोण देतो?" कोलमन मान खाली घालून आत गेला. बाहेर आला तेव्हा कोटाच्या पाठीवर शेण होतं. आईनं ते रात्री थंड पाण्यानं धुतलं, घासलं नाही, लोकर आक्रसेल म्हणून.

शनिवारी दुपारी कोलमन अर्ध्या दाराशी, खालची फळी लावलेली नि वरची उघडी, येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"दोन केले मी, सॅबिना."

"तिसरा उद्या आहे."

"मला जमणार नाही. मी... मी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या पोरांबरोबर शपथ घेतलीय. ते म्हणतात, त्या कोटात दिसलास तर पुन्हा आमच्यात येऊ नको."

"हा कोट मी विणलाय. राजानं नाही."

"मला माहीत आहे."

"मग?"

बाप चुलीपाशी होता, तिथूनच ओरडला, "जाऊ दे त्याला! कुणाच्या पाया पडू नकोस." आई वळली आणि बापाकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं, ती बाप मरेपर्यंत विसरला नसेल. "पाच एकर पुरत नव्हते ना तुला?" ती म्हणाली. "आता पुरतील." मग ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजली. संध्याकाळी दूध काढायला उठली नाही. तिच्या तोंडून एकच शब्द अधूनमधून येत होता. "उघडा... उघडा..."

मी ठरवलं ते तेव्हाच.

किलतूराच्या चर्चमध्ये जाणं शक्य नव्हतं. पुरुषाच्या कपड्यात पोरगी दिसली असती तर फादरनं वेदीवरून नाव घेतलं असतं. पण डोंगरापलीकडे क्लूनबेग होतं. दुसरं गाव, दुसरं चर्च, तीन तासांची वाट. तिथं मला कोण ओळखणार? उजाडता उजाडता मी गोठ्यात जाऊन कपडे चढवले, केस टोपीत कोंबले. बूट मोठे होत होते, त्यात मूठ मूठ वाळलेलं गवत भरलं. आईला उठवलं नव्हतं. पण घरातून निघताना उंबऱ्यावर पवित्र पाण्याची वाटी भरून ठेवलेली दिसली. रात्री ती तिथं नव्हती. आई भिंतीकडे तोंड करूनच होती. मी माझं मीच पाणी शिंपडून घेतलं आणि निघाले.

बाईनं मेलेल्या पुरुषाचे कपडे घालायचे नाहीत, हे मला ठाऊक होतं. का घालायचे नाहीत, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

डोंगरावर धुकं होतं. जूनचं धुकं, पांढरं, कोमट, मेंढीच्या श्वासासारखं. दोन्ही बाजूंना दलदल. चुलीत जाळायला तिच्यातून कापून वाळत घातलेल्या मातीच्या विटांचे ढीग धुक्यात उभे होते, माणसं उकिडवी बसल्यासारखे. सुरुवातीला कोटाला त्या झुडपाच्या पानांचा वास येत होता, आईच्या पेटीचा. चढ लागला तसा तो कमी झाला. मग दुसराच वास येऊ लागला. स्वच्छ, धारदार, नाकात टोचणारा. मला कळेना कसला. आमच्याकडे बर्फ वर्षातून एकदा पडला तर पडतो, पण बर्फाला वास असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

कोट जड होऊ लागला. मी वाटेत थांबले, बाही चाचपली. कोरडी होती. पण पाठीवर ओलं पोतं टाकल्यासारखा भार होता, आणि त्या भाराला थंडी होती. कोमट धुक्यातून चालताना माझे दात वाजत होते. मी पुढं निघाले. आणि मग माझ्या ध्यानात आलं की माझे बूट वाजत नाहीयेत. मघापासून सैल बुटांचा फटक फटक आवाज सोबतीला होता. आता पाऊल पडायचं ते जड, भरलेलं, पुरुषाचं. बूट मला बरोबर बसले होते.

मी खाली पाहिलं नाही. आजही मला त्याचं बरं वाटतं.

क्लूनबेगच्या चर्चमध्ये मी पुरुषांच्या बाजूला, अगदी मागं, दाराशी उभी राहिले. तिथले पुरुष टोपी जमिनीवर टाकून तिच्यावर एक गुडघा टेकतात. मला टोपी काढता येणार नव्हती, म्हणून मी खांबाच्या अंधारात मागं सरकून नुसताच गुडघा टेकला. कुणी पाहिलं नाही. फादर भराभर म्हणत होता. मी मनात एकच म्हणत होते, तिसरा झाला, माल्की, घे, घाल अंगात, तिसरा झाला.

मिस्सा संपली. सगळ्यांच्या आधी मी बाहेर पडले, आणि फाटकाशी एका हातानं माझा दंड धरला.

म्हातारा ग्लिन होता तो. माल्की दोन वर्षं शरदात त्याच्याकडे बटाटे काढायला जायचा. डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे चेहरा त्याला दिसत नव्हता. त्यानं कोट ओळखला होता. कापड बोटांत चोळून बघत होता.

"माल्की? माल्की टूही? अरे, तू तर मेलास म्हणून ऐकलं!"

मागून माणसं बाहेर येत होती. त्यांच्यातला एखादा डोळस जवळ आला असता तर? पोरगी निघाली असती, बोभाटा झाला असता, रविवार वाया गेला असता, आणि आई तिकडे भिंतीला तोंड लावून... मला दुसरं काही सुचलं नाही. मी आवाज जाड करून हळूच म्हटलं, "नाही मेलो. मी इथंच आहे."

"देव पावला!" म्हातारा म्हणाला. "थंडीनं काकडतोयस रे पोरा."

मी हात सोडवून घेतला आणि पळाले.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. मलाही तेव्हा तसंच वाटलं. मेलेल्याचे कपडे अंगावर असताना त्याच्या नावाला ओ द्यायची नाही, असा नियम आमच्यात कुणी सांगत नाही. कारण सांगायची वेळच येत नाही. आपल्याच गावात, आपल्याच चर्चमध्ये जायचं असतं. तिथं सगळ्यांनी मेलेल्याला पुरलेलं असतं. घालणाऱ्याला कोण त्या नावानं हाक मारणार? परक्या गावात कुणी गेलंच नव्हतं कधी. मी पहिली.

परत येताना कोट हलका होता. गोठ्यात उतरवला तेव्हा बूट पुन्हा ढगळ झाले होते, आणि आत गवताची एक काडी नव्हती. कोट मात्र आतून ओला होता, काखेत, पाठीवर. घामानं. मला माझ्या घामाचा वास ठाऊक आहे. तो माझा नव्हता.

आई उठून बसली होती. चूल पेटवलेली. तिनं मला एक बटाटा सोलून दिला आणि विचारलं, "तिकडे कुणी बोललं का तुझ्याशी?"

"नाही," मी म्हटलं.

तेवढं एक खोटं बोलायला नको होतं मी. तेव्हाच सांगितलं असतं तर तिला काही ठाऊक असतं कदाचित. तिच्या आजीकडून, कुणाकडून. पण ती इतकी शांत दिसत होती! तिनं सूट गोठ्याच्या माळ्यावर टांगला. तिसरा झाला, आता तो घालणाऱ्याचा, ती म्हणाली, पण तुला कशाला हवा, फेस्टी मोठा झाला की घालील. पुढच्या रविवारी सकाळी माळ्यावर नुसती खुंटी होती.

बाप म्हणाला, कोलमनच्या टोळक्यानं नेला असेल जाळायला. आम्ही तसंच धरलं.

पंधरा दिवसांनी पोलीस आले, दोन शिपाई आणि एक जमादार. बिछाने उलटेपालटे केले, बटाट्यांच्या खड्ड्यात काठ्या खुपसल्या. "तुमचा मुलगा सैन्यातून पळून आलाय. क्लूनबेगला त्याला लोकांनी पाहिलाय."

"पाहिला?" आई म्हणाली. "कुणी?"

"ग्लिन म्हणून एक म्हातारा. आणि त्यानंतर तिघांनी. परवाच्या दिवशीसुद्धा."

परवाच्या दिवशी मी शेतात होते. सगळ्यांनी पाहिलेली. माझ्या हातातली बादली खाली पडली. जमादार माझ्याकडे बघत होता, आई बघत नव्हती. ती त्या तिघांकडे, त्या पोलिसांकडे, असं बघत होती, जणू ते मेजवानीचं आवतण घेऊन आले होते. "म्हणजे जिवंत आहे माझा..." आणि मग तिला कागद आठवला, तीन रविवार आठवले. ती हळूहळू माझ्याकडे वळली.

"ऑनी," ती म्हणाली. "काय बोललीस तू?"

मी सांगितलं. सगळं. आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "इथंच आहे म्हणालीस. मग तो तिथंच राहणार की गं. घरी कसा येईल?"

त्यानंतर वर्षानुवर्षं हेच. लढाई संपली, आपल्या लोकांची इंग्रजांशी सुरू झाली. टपालवाला सांगायचा, क्लूनबेगच्या उतरणीवर माल्की भेटला. पुढच्या वर्षी कुणी विटा कापायला गेलेला सांगायचा, डोंगरमाथ्यावर भेटला. वर आणखी, "तुमच्या माल्कीला घरी बोलवा बुवा, उन्हाळ्यातसुद्धा कोट गळ्यापर्यंत बंद करून फिरतो." सगळ्या जगाला तो दिसायचा. फक्त आम्हाला नाही. आई डोंगरावर जायची, धुक्यात उभी राहून हाका मारायची, घसा बसेपर्यंत. बाप तिच्या मागून जायचा, दहा पावलं अंतर ठेवून. त्यांच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं, दहा पावलांचं.

एके दुपारी कोलमन आला. तो तेव्हा डोंगरात लपून राहायचा, खांद्याला बंदूक. पाच वर्षांत आमच्या दाराशी फिरकला नव्हता. ओठ पांढरे पडलेले.

"सॅबिना... मला भेटला तो."

"बोलला?"

"रस्ता विचारला. म्हणाला, थॅडी टूहीचं घर कुठं आहे? मला, कोलमनला विचारतो! मी म्हटलं, माल्की, हे काय, उतरून खाली जा... तर म्हणतो, उतरलो होतो. सारखा उतरतो. पुन्हा क्लूनबेगच लागतं." कोलमननं अर्ध्या दाराची कड धरली होती. "मला तिसरा रविवार घालता आला असता गं. मेलो असतो का मी?"

"तू नाही," आई म्हणाली. "माझं पोर मेलं." आणि तिनं वरचं दारही लावून घेतलं. इतकी वर्षं मी बघतेय, आईनं कुणाच्या तोंडावर दार लावलेलं ते एकदाच. दारामागं उभी राहून ती रडली. कोलमनसाठी रडली की माल्कीसाठी, ते तिलाच माहीत.

इंग्रज गेले. आपलं सरकार आलं. मोठ्या जमीनदाराचं खालचं कुरण लोकांत वाटायचं ठरलं. कसलं कुरण! दगड नावाला नाही, पाऊल ठेवलं तर गवतातून वर येईना. प्रत्येक घरात काम करणारे पुरुष किती, त्यावर जमीन मिळणार होती. एका जुलैच्या सकाळी जमीनवाटपाचा साहेब सायकल ढकलत आमच्या अंगणात आला, डब्लिनचा तरुण माणूस, कॉलर घामानं भिजलेली. चुलीपाशी बसला, ताक प्यायला, वही उघडली.

"घरात पुरुष किती?"

"दोन," बाप म्हणाला. "मी आणि धाकटा, फेस्टी."

साहेब हसला. "लपवता कशाला? कमी सांगून कमी मिळतं, जास्त नाही. तीन ना?"

"दोनच, साहेब."

"आणि मला इथपर्यंत घेऊन आला तो? मी वाट चुकलो होतो धुक्यात. तो पुढं चालत होता. खालच्या फाटकाचं लाकूड त्यानंच उचललं. म्हणाला, या घरातला थोरला मी."

चुलीत एक वीट ढासळली. आई उठली. साहेबाच्या अगदी जवळ गेली.

"त्याच्या अंगावर कोट होता?" तिनं विचारलं.

"होता. अशा उकाड्यात... सगळी बटणं लावलेला. राखाडी, निळसर." साहेबाला तिचा चेहरा बघून अवघडल्यासारखं झालं. "का? आजारी आहे का तो?"

दहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या कपाळावरच्या रेघा सुटल्या. "मिळाला त्याला कोट," ती म्हणाली, आमच्यापैकी कुणाला उद्देशून नाही. मग साहेबाच्या वहीवर बोट ठेवून म्हणाली, "लिहा. माल्की टूही. थोरला."

"वय?"

"एकोणीस."

साहेबानं फेस्टीकडे पाहिलं, तो तेव्हा तेवढाच होता, दाढी फुटलेला. पण आईचं बोट वहीवरून हललं नाही. त्यानं लिहिलं.

कागद आला तो हिवाळ्यात. मास्तर कॉयन म्हातारा झाला होता, त्यानं वाचला आणि पुन्हा वाचला. तीन पुरुषांच्या हिशेबानं बत्तीस एकर! किलतूरात कुणाला एवढी मिळाली नव्हती. वर कौलांचं नवं घर, कुरणाच्या कडेला, काचेच्या खिडक्यांचं. ज्यांनी विहिरीवर आईला टाळलं होतं, ते लोक अभिनंदनाला आले, चहा प्यायले, खुर्च्या चांगल्या आहेत म्हणाले. बाप सगळ्यांना जमीन दाखवत फिरायचा. बांधावर उभा राहायचा आणि रुमालानं डोळे पुसायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला सुख सोसत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात गवत कमरेच्या वर गेलं. बाप आणि फेस्टी विळे घेऊन कापायला उतरले. प्रत्येक कापणाऱ्याच्या मागं कापलेल्या गवताची एक ओळ पडते, हे तुम्ही पाहिलंच आहे. दोघं कापत होते. ओळी तीन पडत होत्या.

बापानं मान वर केली नाही. फेस्टीला म्हणाला, "तूही करू नकोस. कापत राहा."

संध्याकाळी त्यांच्या दोन ओळी कुंपणाशी संपल्या. तिसरी कुंपण ओलांडून दोन हात अंगणात आली होती. दुसऱ्या वर्षी ती अंगणातल्या आमच्या नव्या विहिरीपर्यंत आली. अंगणात गवत आम्ही ठेवलेलं नव्हतं, तरी कापलेलं गवत होतं. आई रोज त्या ओळीच्या टोकापासून दारापर्यंत पावलं टाकून बघायची, आणि मला कधी आकडा सांगायची नाही.

पण गवत भरपूर आलं. गाई सात झाल्या, मग अकरा. फेस्टीचं लग्न झालं, माझं झालं, दोघांच्या घरांत पाळणे हलले, आणि त्या दिवसापासून आम्हा टूहींना कशाचीही कमी पडलेली नाही.